उशाशी बसणाऱ्याची वास्तपुस्त

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आज्ञेवरून श्रीनागदेवाचार्य ऋद्धिपुरास आले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहून शेवटपर्यंत त्यांच्या सेवेत राहिले, हे पंथीय वाचकांस नव्याने सांगावयास नको. म्हाइंभट, महदंबा आदी भक्तजनही तेथे होते. ऋद्धिपूरचरित्र वाचताना एक गोष्ट मात्र पुष्कळदा नजरेतून सुटते. त्या ग्रंथाचा मोठा भाग श्रीप्रभूंच्या आरोगणेने, स्नानाने, हिंडण्याफिरण्याने, रुसण्यारागावण्याने आणि खेळण्याने भरलेला आहे. सेवा म्हणजे काय हे तेथे व्याख्येने सांगितलेले नाही. कोणत्या वेळी काय हवे, काय नको, हे पाहत राहणे म्हणजे सेवा, हे त्या बारीकसारीक प्रसंगांवरून आपोआप कळते. दुसरी गोष्ट अशी की ती सेवा एकट्याच्या अंगावर पडलेली नव्हती. तेथे परिवार होता. एकाचे चुकले तर दुसऱ्याने सावरावे, अशी ती व्यवस्था होती.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. श्रीप्रभू हे परमेश्वरावतार. घरातील खाटेवर पडलेला वृद्ध पिता वा सासरा हा कर्मबद्ध जीव. एकाची सेवा मोक्षमार्गातील साधन, तर दुसऱ्याची सेवा दयेचा आणि कर्तव्याचा विषय. दोन्हींची फळे एक मानणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु फळ भिन्न असले तरी रीत शिकावयास हरकत नाही. ज्याला आरोगणेची वेळ सांभाळणे म्हणजे काय हे चरित्रातून कळले आहे, त्याला तोंडात घास फिरेनासा झालेल्या रोग्यापुढे कसे बसावे हेही कळले पाहिजे. न कळेल तर ते वाचन पोथीपुरतेच राहिले असे म्हणावे लागेल.

आता वरुड-मोर्शीकडील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. दोन-चार एकर शेत, थोडी संत्र्याची झाडे, घरात म्हातारा सासरा, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन मुले. म्हाताऱ्याने चाळीस वर्षे खर्रा खाल्लेला. गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. तालुक्याहून अमरावतीस, अमरावतीहून नागपुरास किंवा सेवाग्रामास फेऱ्या झाल्या. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले. वर्षभराने रोग मानेत उतरला. मग एके दिवशी डॉक्टरांनी कागद हातात दिला आणि म्हटले, "आता घरी न्या. सेवा करा."

या दोन शब्दांचा विचार करण्यासारखा आहे. शास्त्रात विधी सांगितला की त्याची इतिकर्तव्यता, म्हणजे ते कर्म कसे, कोणत्या क्रमाने, कशाच्या साहाय्याने करावे, हेही सांगावे लागते. नुसता विधी सांगून इतिकर्तव्यता सांगितली नाही तर करणारा गोंधळतो आणि पुढे स्वतःलाच दोष देतो. "सेवा करा" हा असाच उघडा विधी होय. वेदना उठली तर कोणते औषध, किती, कितीदा? जखमेतून रक्त आले तर काय करावे? अन्न गिळवेनासे झाले तर? शेवट जवळ आल्याचे कशावरून ओळखावे? गर्दीने भरलेल्या रुग्णालयात हे सांगावयास कोणाला वेळ नसतो आणि विचारावयास घरच्यांना धीर होत नाही. मुलगा गाडी ठरविण्याच्या विवंचनेत असतो. सून गाठोडे बांधीत असते. आणि पुढे जे काही करावयाचे ते बहुधा तिलाच करावयाचे असते.

तिचा दिवस पहाटे चारला उजाडतो. रात्री तो मावळलेलाच नसतो. रोग्याचे अंथरूण बदलणे, अंग पुसणे, जखम धुणे, पातळ पेज करून चमच्याने पाजणे, लुगडी-धोतरे उकळत्या पाण्यात घालणे, आणि हे करीत असता मुलांचे डबे, गुरांचे पाणी, निंदणीच्या दिवसांत शेतही. त्यात भेटीस येणारी माणसे. खेड्यात दुखण्याची बातमी लपत नाही आणि न भेटणे हा अपराध मानला जातो. त्यामुळे दिवसातून दहा-पंधरा जण येतात, प्रत्येकजण घटकाभर बसतो आणि प्रत्येकाला चहा लागतो. भेटीस येणारा मनाने चांगलाच असतो. परंतु त्याच्या चांगुलपणाचा चहा ज्या हातांनी होतो त्या हातांकडे त्याचे लक्ष नसते. शिवाय तो जाताना एखादे वाक्य टाकून जातो : "फारच वाळले हो! काही खाऊ घालता की नाही?" बोलणारा बस धरून निघून जातो, ते वाक्य मात्र त्या बाईच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

म्हणून इतिकर्तव्यतेचा काही भाग येथे सांगणे अगत्याचे आहे. हे वैद्यकाचे पुस्तक नव्हे. परंतु जे घरच्या माणसाने जाणलेच पाहिजे आणि जे शेजाऱ्यानेही जाणले तर निंदेची वाक्ये थांबतील, तेवढे तरी प्रत्येक उपदेशी कुटुंबात माहीत असावे.

अन्नाचेच आधी घेऊ. मरणोन्मुख शरीराची भूक हळूहळू जाते. तो उपास नव्हे, सेवेतील उणीवही नव्हे. पचविण्याचे काम शरीर सोडून देऊ लागलेले असते. माणूस न खाल्ल्याने मरत नसून मरणाकडे निघाल्यामुळे खाईनासा होतो, हा कार्यकारणभाव उलटा लावल्यामुळे घरोघरी किती अश्रू निष्कारण गाळले जातात! अशा वेळी बळेच घास भरविला तर तो श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, फुप्फुसात पाणी-अन्न उतरते आणि त्रास वाढतो. मागेल तेव्हा, मागेल तेवढे, चमच्याच्या टोकाने द्यावे. देताना डोके व पाठ उंच करावी. जागे नसताना तोंडात काहीही घालू नये. सलाइन लावण्याचा आग्रहही याच जातीचा. काही प्रसंगी त्याचा उपयोग असतो, तो डॉक्टरांनी ठरवावा. परंतु अगदी शेवटच्या दिवसांत शिरेतून चढविलेले पाणी पुष्कळदा हातापायांस सूज आणते आणि छातीत घरघर वाढविते. बाटली लटकलेली दिसली की नातेवाइकांचे समाधान होते, एवढाच लाभ काही वेळा उरतो. कोरडे पडते ते तोंड. आणि त्याला उपाय सोपा आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, बोटाला मऊ स्वच्छ फडके गुंडाळून जीभ, हिरड्या व गालाचा आतला भाग दिवसातून अनेकदा पुसावा, ओठांस थोडे तूप वा तेल लावावे. तहानेचा पुष्कळसा भाग एवढ्याने निवतो. हे काम नातवंडालाही करता येते. आणि त्याला ते करू द्यावे.

पाठीचे दुसरे प्रकरण. जो स्वतः कूस पालटू शकत नाही त्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर, खांद्यांच्या फऱ्यांवर आणि कानामागे दाब पडून कातडी प्रथम लाल होते, मग फाटते, मग खोल जखम होते. तिला शय्याव्रण म्हणतात. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी, चादरीस सुरकुती ठेवू नये, ओले अंथरूण तत्काळ बदलावे. लाल झालेली जागा चोळू नये, तेथे स्पिरिट लावू नये. हवेची किंवा पाण्याची गादी मिळाली तर उत्तम, तरीही कूस बदलणे सुटत नाही. रोग्यास एकटीने ओढू नये. अंगाखाली आडवी जाड चादर घालावी आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवावे. एकट्या सुनेने साठ किलोचा देह ओढला की त्याची कातडी सोलते आणि तिची कंबर जाते. या 'दोघांनी' या शब्दात पुष्कळ अर्थ आहे. दुपारी बाराला, रात्री दहाला आणि पहाटे चारला तो दुसरा कोठून यावयाचा? शेजारच्या घरातील तरुणाने ठरवून दिवसातून दोनदा दहा मिनिटे यावे, यासारखी भेट नाही. आणि तिला चहाही लागत नाही.

मुखरोगाच्या जखमेस दुर्गंधी येते. या दुर्गंधीनेच माणसे दुरावतात. रोग्याला ते कळते आणि तो तोंड भिंतीकडे करून पडून राहतो. दुर्गंधी उत्पन्न करणारे जंतू मारण्याकरिता मेट्रोनिडाझोल नावाच्या औषधाची पूड जखमेवर वापरण्याची रीत उपशामक वैद्यकात रूढ आहे. डॉक्टरांस विचारून ती करता येते, आणि ते औषध महाग नाही. एवढ्याशा उपायाने बंद झालेले दार पुन्हा उघडल्याचे पुष्कळ परिचारिका सांगतात. मलमूत्र काढण्याविषयी तर महानुभाव घरात संकोच असूच नये. विटाळाची कल्पना सर्वज्ञांनी मानली नाही. रजस्वलेचा विटाळ ज्यांनी नाकारला त्यांच्या अनुयायांनी आजारी बापाच्या भांड्याला हात लावताना नाक मुरडावे आणि ते काम सुनेकडे किंवा मोलकरणीकडे सारावे, हे विसंगत होय. मुलाने ते करावे. अडचण शास्त्राची नसून सवयीची आहे.

आता वेदना. येथे दोन शंका पंथीय माणसाच्या मनात उभ्या राहतात आणि त्या मोकळेपणी मांडल्याच पाहिजेत.

शंका : जीवास होणारे दुःख हे त्याच्या कर्माचे फळ. तो भोग भोगूनच सरावयाचा. मग औषधाने वेदना शमविणे म्हणजे भोगात आडवे येणे नव्हे काय?

समाधान : असे म्हणणारा स्वतःस ताप आला असता औषध घेतो की नाही, हे आधी पाहावे. भोग कोणता, किती आणि केव्हा सरतो, याचा निर्णय मनुष्याच्या हाती नाही. म्हणून भोगाच्या नावाने दया आवरण्याचा अधिकारही त्याला नाही. कर्मसिद्धांत हा स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याकरिता आहे. दुसऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून तो उच्चारला की त्याचे शस्त्र होते. आणि ज्या बाईने चार रात्री डोळा मिटला नाही तिला "त्यांचा भोग आहे, तुम्ही काय करणार" असे सांगणे म्हणजे तिच्या चार रात्री व्यर्थ ठरविणे होय.

शंका : मॉर्फीनसारखे औषध अफूपासून होते, ते व्यसन लावील, बुद्धी झाकोळील, आणि अंतकाळी स्मरण होणार नाही.

समाधान : ही शंका अधिक गंभीर आहे, कारण तिच्यामागे रोग्याच्या हिताचीच काळजी आहे. परंतु असह्य वेदनेत स्मरण होते काय, याचा विचार ती करीत नाही. ज्याच्या जबड्यात रात्रंदिवस आग पेटली आहे त्याचे सर्व चित्त त्या आगीतच असते. त्याला नाम आठवत नाही, नातवाचे नावही आठवत नाही. योग्य मात्रेने वेदना शमली की तो दोन शब्द बोलतो, झोपतो, जागा झाल्यावर स्मरणाकडे वळू शकतो. आरंभी दोन-चार दिवस गुंगी येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र होतेच, म्हणून बरोबर सारक औषध घ्यावे लागते. वेदनेकरिता जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या गोळीचे व्यसन लागणे विरळा. दुखेल तेव्हाच एक घ्यावी असा तिचा क्रम नसून, साधी गोळी असेल तर दर चार तासांनी, दुखणे उसळण्यापूर्वीच, घड्याळ लावून द्यावयाची असते. हे न समजल्यामुळे "मरेल तेव्हा देऊ" म्हणून गोळ्या कपाटात राहतात आणि माणूस खाटेवर कण्हत राहतो. गोळ्या कुलपात ठेवाव्या, दिल्याची वेळ वहीत लिहावी.

ही गोळी खेड्यात मिळणे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले आणि देशभर त्याचा वैद्यकीय वापर घसरला. व्यसनींना आवरण्याकरिता केलेल्या कायद्याची शिक्षा कर्करोग्यांनी भोगली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांस राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकाच परवान्यावर ते ठेवता येऊ लागले. तरी कायदा बदलला म्हणून कपाट भरत नाही. प्रशिक्षित डॉक्टर हवा. म्हणून "घरी न्या" असे सांगितले गेल्यावर रुग्णालय सोडण्यापूर्वीच घरच्यांनी विचारावे : वेदनेचे औषध कोठे मिळेल? तेथे उपशामक उपचारांचा, ज्यास 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात त्याचा, विभाग आहे काय? पुढील वेळी रोग्याला न आणता कागद घेऊन नातेवाइकाने आले तर चालेल काय? या तीन प्रश्नांनी पुढील पुष्कळ फेऱ्या वाचतात.

अशा घराचा भार समाजाने कसा वाटून घ्यावा याचे आपल्या देशातच एक उदाहरण आहे. केरळात कोळिकोड येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार प्रभृतींनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. काही वर्षांतच त्यांच्या ध्यानात आले की रुग्णालयात येऊ शकणारे थोडे, येऊ न शकणारे फार. तेव्हा मलप्पुरम आदी जिल्ह्यांत गावोगावच्या साध्या माणसांना, शिक्षकांना, दुकानदारांना, गृहिणींना आणि विद्यार्थ्यांना शिकवून शेजारधर्माचे जाळे विणण्यात आले. स्वयंसेवक घरी जाऊन बसतात, तांदूळ पोहोचवितात, मुलांच्या शाळेची चौकशी करतात. परिचारिका ठरलेल्या दिवशी येते, डॉक्टर गरजेप्रमाणे. २००८ साली केरळ सरकारने या विषयाचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींकडे गृहभेटींची जबाबदारी आली. महाराष्ट्रानेही २०१२ साली धोरण केले, त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमही आखला गेला; पुण्यात सिप्ला संस्थेचे उपशामक केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालते आणि तेथे रोग्याबरोबर आलेल्या नातेवाइकासही सेवेची रीत शिकविली जाते. मुंबईतील शांती आवेदना सदन तर १९८६ पासूनचे. परंतु हे शहरात. खेड्यातील सुनेपर्यंत धोरण पोहोचते ते आशा स्वयंसेविकेच्या पायांनी. साधारण हजार लोकवस्तीमागे ती एक असते, आणि तिच्याकडे बाळंतपणापासून क्षयरोगापर्यंत सर्वच कामे असतात. तिला घरी बोलवावे. उपकेंद्रातील परिचारिकेस जखम दाखवावी. निराधार कुटुंबास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आणि पात्र वृद्धांस श्रावणबाळ योजनेचा अर्ज करता येतो. तो अर्ज लिहून देणे, तहसील कार्यालयात एक चक्कर मारणे हे गावातील शिकलेल्या उपदेशी तरुणास सहज जमण्याजोगे आहे.

केरळची गोष्ट वाचून "तेथील माणसे निराळी" असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ते खरे नाही. शेतात साप निघाला, विहिरीत कोणी पडला, तर आपल्याकडचे गाव क्षणात गोळा होते. दुखणे मात्र महिनोन्‌महिने चालते, आणि आपल्या गोळा होण्यास तेवढा दम नसतो. म्हणून येथे वार लावावे लागतात. सोमवारी अमुक घरचा डबा, मंगळवारी तमुकाने रात्री जागावे, बुधवारी मुलांना अमक्यांनी जेवू घालावे. वारलावणी मठांना नवी नाही.

आता भिक्षुक, तपस्विनी आणि महंत यांच्याविषयी. अटनात असता एखाद्या गावी असे घर आहे असे कळले तर तेथे अवश्य जावे. परंतु त्या घरी भिक्षेस थांबू नये, चहाफराळ घेऊ नये, सोबत पाच-सात जणांचा परिवार नेऊ नये. त्या घरच्या बाईला दंडवत करावयास भाग पाडून तिच्या हातातले भांडे खाली ठेववू नये. श्रद्धेने ती सर्व करील. म्हणूनच ते टाळण्याची जबाबदारी जाणाऱ्यावर येते. रोग्यापाशी बसावे, तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तर हळू आवाजात लीळा सांगावी वा नामस्मरण करावे. तो थकलेला असेल तर नुसते बसावे. नंतर, आणि हे बहुधा राहून जाते, त्याच्या उशाशी बसणारीकडे वळावे.

एखाद्या तपस्विनीने तिला ओसरीवर बाजूला घेऊन विचारावे, "माय, काल रात्री निजलीस का?" असा प्रश्न तिला महिन्यात कोणी केलेला नसतो. सर्वांनी विचारलेले असते ते 'त्यांचे' कसे आहे. या प्रश्नावर ती रडेल, तर रडू द्यावे. उपदेशाची घाई करू नये. कदाचित ती म्हणेल की पाठ सुटला, स्मरणाची माळ हातात धरून महिना झाला, यंदा चैत्रात ऋद्धिपुरास जाणे झाले नाही. तिला सांगावे की कूस बदलताना नाम घेता येते आणि जखम धुतानाही घेता येते. यात्रा पुढे होईल. कदाचित ती याहून अवघड गोष्ट बोलेल : "आता सुटावेत एकदाचे, असे मनात येते." असे मनात येणे हे पाप नव्हे. रोग्याच्या यातना संपाव्या आणि आपणास निजावयास मिळावे, या दोन इच्छा त्या अवस्थेत एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की तिला स्वतःलाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. ऐकणाऱ्याने चेहरा न बदलता ऐकावे. मग तपस्विनीने म्हणावे, "तू चार तास निजून घे, आम्ही दोघी येथे बसतो. औषधाची वेळ कोणती तेवढी सांग." आणि खरोखर बसावे.

शेवटच्या रात्रीविषयी घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे. झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडून निळसर दिसतात, श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. ती घरघर पाहणाऱ्यास भयंकर वाटते. रोग्यास तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. त्याला कुशीवर वळवावे, डोके किंचित उंच ठेवावे, खिडकी उघडावी, भोवतालची गर्दी कमी करावी. हे आधी ठाऊक नसेल तर रात्री दोनला कोणीतरी ओरडते, "गाडी आणा!" आणि ज्याने घरीच मरण यावे असे चारदा सांगितले होते तो माणूस तालुक्याच्या रस्त्यावर, खड्ड्यांतून, अनोळखी गाडीत प्राण सोडतो. नेण्याने काही साधणार असेल तर अवश्य न्यावे. पण ते शांतपणे दिवसा ठरवावे, रोग्याची इच्छा विचारून ठरवावे आणि घरातील सर्व कर्त्या माणसांनी ऐकावे, म्हणजे मुंबईपुण्याहून शेवटच्या दिवशी आलेला भाऊ सुनेला जाब विचारणार नाही. दूर राहिलेल्याच्या मनातील अपराध पुष्कळदा रागाचे रूप घेऊन जवळ राहिलेल्यावर कोसळतो. त्या भावाला गावच्या वडीलधाऱ्याने बाहेर नेऊन समजवावे.

आणखी एक. प्राण नेमका ती पाणी आणावयास गेली तेव्हा जातो. महिनोन्‌महिने जागलेली बाई त्या दोन मिनिटांकरिता पुढे स्वतःला क्षमा करीत नाही. असे फार घरी घडते. त्या दिवशीच तिला कोणीतरी सांगितले पाहिजे की अंतकाळ म्हणजे ती दोन मिनिटे नव्हेत; ती जे सात महिने जागली तोही अंतकाळच होता, आणि त्यात ती होती.

देह निक्षेपिला जातो, पाहुणे परततात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावयाची असते, ते काम घरच्यांवर न टाकता वारातील कोणी करावे. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या ज्या केंद्राकडून मिळाल्या तेथे परत द्याव्या. दुसऱ्या कोणास देऊ नयेत. यानंतरच्या महिन्यात त्या घरी कोणीच फिरकत नाही. सून पहाटे चारला दचकून उठते, खाटेची जागा रिकामी पाहते आणि अंधारात बसून राहते. दिवसा तिला कंबर दुखल्याचे प्रथमच जाणवते. याच महिन्यात पुन्हा जावे. तिला दवाखान्यात न्यावे, कारण सात महिने तिने स्वतःचा ताप कोणाला सांगितलेला नसतो. कोणी सांगावे, ती बोलेल, कोणी सांगावे, बोलणार नाही. जाणाऱ्याने जाताना ती पाण्याची गादी, शौचपात्र आणि पाठटेकू धुऊन, उन्हात वाळवून, मठाच्या खोलीत आणून ठेवावे आणि वहीत तारीख लिहावी. पुढच्या घराचा निरोप आशाताईकडून बहुधा फार दिवस लागू न देता येतो.